निरोपाचा केक

४ सप्टेंबर

दिवसभरात मराठीत एक शब्द बोलले नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर जीभ गंजायची.

खोली लहान आहे. पलंगावर बसलं की गुडघे कपाटाला टेकतात, आणि कपाट उघडायचं तर आधी पलंगावर चढावं लागतं. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. घरी व्हिडिओवर बोलताना मी फोन असा धरते की फक्त पडदा दिसेल. सासूबाई म्हणाल्या, "छान हवेशीर दिसतेय गं खोली." म्हटलं, "हो, हवा भरपूर आहे."

ऑफिसात मी सगळ्यात नवी, वय एकोणचाळीस. तिकडे अख्खी टीम माझ्या हाताखाली होती, माझ्या होकाराशिवाय कुणाची रजा मंजूर व्हायची नाही. इथे मला प्रिंटर कुठे आहे हे माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. दोन मजले हिंडून स्वतःच शोधला, आणि तो आमच्याच दाराबाहेर निघाला.

इथली माणसं भरभर बोलतात. पहिल्या दिवशी दोनदा "काय म्हणालात?" असं विचारलं. तिसऱ्यांदा समोरच्याने जो सुस्कारा टाकला, त्यानंतर विचारणं सोडलं. आता नुसती मान डोलावते. कळो न कळो, हो हो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

९ सप्टेंबर

आमची कंपनी नक्की काय करते, ते मी घरी नीट सांगितलेलं नाही. मोठ्या हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे एका अवाढव्य कारखान्यात धुवायला जातात. किती गेलं, किती आलं, कुठली गाडी कुठे कधी, हे आमचा प्रोग्रॅम ठरवतो. थोडक्यात, धुण्याचा हिशेब. सासूबाई सोसायटीत सांगतात, "आमची सून परदेशात हॉस्पिटलं चालवते." मी दुरुस्त करत नाही.

आज मॅनेजरबाईंनी काचेच्या खोलीत बोलावलं. माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलल्या, त्यामुळे शब्दन् शब्द कळला. हा प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला, ते खिडकीपाशी बसणारे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. "नव्या वर्षात ते आपल्यात नसतील. तोवर त्यांच्या डोक्यातलं सगळं तुझ्या डोक्यात यायला हवं. तुझं कायम होणं त्यावर आहे." मग म्हणाल्या, "काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "नाही, नाही."

विचारायचं काय त्यात? आमच्या धंद्यात याला केटी म्हणतात. जाणाऱ्याने आपलं काम राहणाऱ्याला समजावून द्यायचं. तिकडे मी इतक्या केट्या घेतल्यात आणि दिल्यात! कुणाला तरी दुसरीकडे जास्त पगार मिळतो, तो राजीनामा टाकतो, नोटिशीच्या दिवसांत नाक मुरडत केटी देतो आणि शेवटच्या दिवशी केक कापून सगळ्यांच्या गळ्यात पडतो. केटी सुरू झाली की टीमचा पहिला प्रश्न एकच, पार्टी कधी? या गृहस्थांची तर पिकली दाढी बघता निवृत्तीच असणार. मी मनातल्या मनात त्यांचं नाव आजोबा ठेवलं.

कायम झाले की नवऱ्याला आणि लेकीला, ठमीला, इथे आणता येईल. नाही झाले तर बॅग भरायची. मला सोडायला विमानतळावर निम्मी सोसायटी आली होती. परत जायची वेळ आली तर मी रिक्षातून तोंड झाकूनच उतरेन.

१७ सप्टेंबर

आजोबांबरोबर रोज सकाळी बसते. प्रोग्रॅम वीस-बावीस वर्षांपूर्वी एका जुन्या भाषेत लिहिलेला आहे. ती मी कॉलेजात परीक्षेपुरती शिकले आणि परीक्षेबरोबरच विसरले. मान डोलावणं चालूच.

पण आजोबांची एक खोड आहे. मी हो म्हटलं, की ते क्षणभर माझ्याकडे बघतात आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगतात. मी न विचारता. मग कागदावर चौकोन काढून तिसऱ्यांदा सांगतात. मला काय ठार बहिरी समजतात की ढ? चिडचिड झाली. तिसऱ्या वेळी कळलं, हे मात्र खरं.

३० सप्टेंबर

ठमीचा फोन. दुसरीत गेली आणि भलतीच शहाणी झाली आहे.

"आई, तुझ्याशी ऑफिसात खेळतं कोण?"

"एक आजोबा आहेत."

"ते तुला डब्यातलं देतात का?"

देतात खरं. दुपारी सफरचंद कापतात आणि अर्धं माझ्या कीबोर्डशेजारी ठेवतात. मला वाटतं त्यांना अख्खं संपत नसावं.

त्यांनी आज ठमीचा फोटो पाहिला. "कधी येणार ही?" म्हणाले. मी सांगितलं, कायम झाले की. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग आपल्याला नीट शिकायला हवं." आपल्याला! शिकायचंय मला, यांना नाही.

१४ ऑक्टोबर

आज मला कारखाना दाखवायला घेऊन गेले. आत शिरल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरली. डोक्यावरून चादरींची गाठोडी लटकत चालली होती, आणि यंत्रांचा आवाज एवढा की सगळेच ओरडून बोलत होते. तिथे मला पहिल्यांदा बरं वाटलं. तिथे कुणालाच कुणाचं नीट ऐकू येत नव्हतं.

मुलांच्या हॉस्पिटलची गाठोडी आजोबांनी वेगळी दाखवली. त्यातले कपडे लहान, मोठ्या चादरींच्या घड्यांत अडकून बसतात, म्हणून ते नगावर मोजायचे नाहीत, वजनावर. आणि महिनाअखेरीला ही दोन मापं जुळवायची. "ही जुळणी अजून माझ्या डोक्यातच आहे," आजोबा म्हणाले, "ती सगळ्यात शेवटी शिकवीन. आधी बाकीचं पक्कं कर."

तिथल्या मुकादमाला त्यांनी माझी ओळख करून दिली. "ही माझी नवी जोडीदार. आता मला हात मिळाला. इतकी वर्षं एकटाच ओढत होतो."

मुकादम म्हणाला, "चला, म्हणजे आता तुम्हाला सुट्टी घेता येईल."

दोघे हसले. मला जरा लागलं. मी यांची जागा घेणार आणि हे मला हाताखालची म्हणून दाखवतात. निवृत्त होणाऱ्या माणसाला खुर्ची सोडवत नाही, तसलाच प्रकार.

५ नोव्हेंबर

आजोबा आज भलतेच रंगात होते. पुढच्या वर्षी गाड्यांचे मार्ग ठरवण्याचा भाग आपण दोघं मिळून नव्याने लिहू म्हणाले. फळ्यावर चौकोन आणि बाण काढले, ते बघून स्वतःच खूश झाले, आणि "हे पुसू नका" असं कोपऱ्यात लिहून ठेवलं.

मी मान डोलावली. काय बोलणार? आमचे मामा निवृत्त झाल्यावर वर्षभर रोज डबा घेऊन ऑफिसच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे. माणसाला काम सुटत नाही. वाईट वाटलं.

२ डिसेंबर

वर्ष संपत आलं आणि आजोबांच्या निरोपाचं कुणी नावही काढत नाही. बावीस वर्षं एका खुर्चीत काढलेल्या माणसाला असंच जाऊ देतात? काय कोरडी जमात आहे ही! तिकडे शिपाई निवृत्त झाला तरी शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, एखादा तरी रडतोच.

मी ठरवलंय. मीच करीन. एवढे दिवस या ऑफिसात मी चोरासारखी वावरतेय. एक तरी काम चारचौघांत ताठ मानेने करू दे.

१० डिसेंबर

मोठं शुभेच्छापत्र आणलं आणि सह्या घ्यायला निघाले. पहिल्यांदाच मी आपणहून लोकांच्या टेबलांपाशी गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने सही करून शेजारी फूल काढलं. चष्मेवाला, माझ्या मागे बसतो तो, पत्राकडे बघतच राहिला.

"त्यांनी स्वतः सांगितलं तुला?"

"नाही, मॅनेजरबाईंनी."

तो आणखी काहीतरी बोलला, हळू आवाजात, भरभर. मला कळलं नाही. मी म्हटलं, "हो, हो."

त्याने पत्र परत दिलं. "मी नंतर करतो." सही करायला सुद्धा यांचा हात जड. आणखी दोघांनी असंच नंतरवर टाकलं. केकवाल्याकडे सांगून आले: 'नव्या आयुष्यासाठी शुभेच्छा.'

१२ डिसेंबर

मेले असते तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर

दोन दिवस पेन हातात धरवलं नाही. लिहून टाकते. कुणाला तरी सांगायला हवं आणि घरी सांगायची सोय नाही.

दुपारी चहाच्या वेळी मी केक मधल्या टेबलावर मांडला, सगळ्यांना बोलावलं, आजोबांना हाताला धरून आणलं. त्यांनी केकवरची अक्षरं वाचली, आणि त्यांचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चाललीस?"

देवा. त्यांना आधी माझी काळजी वाटली.

मी हसत म्हटलं, "मी नाही. तुम्ही!" आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

कुणी टाळी वाजवली नाही. मी एकटीच वाजवत होते, तीही जरा उशिरा थांबले. आजोबांनी पत्र उघडलं, वाचलं, मिटलं. मग त्यांनी काचेच्या खोलीकडे पाहिलं. मॅनेजरबाई दारात येऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्यासारख्या मठ्ठ बाईलाही वाचता आलं. चष्मेवाला खाली बघत होता. त्याने परवा हळूच मला काय सांगितलं असेल, ते आत्ता कळलं.

कामावरून काढणार आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जानेवारीत सांगणार होते, माझं शिकून झाल्यावर.

आजोबांनी सुरी घेतली. पहिला तुकडा कापून बशीत घातला आणि माझ्यापुढे धरला. मग बाकीच्यांचे कापले, सगळ्यांना दिले, मॅनेजरबाईंनासुद्धा. स्वतः खाल्ला नाही. सुरी पुसून ठेवली, कोट घातला आणि गेले. फळ्यावर 'हे पुसू नका' अजून तसंच होतं.

हात दाखवून अवलक्षण. पण अवलक्षण झालं ते माझं नाही, त्यांचं. माझं नुसतं नाक कापलं गेलं. तोंडातला केक ना गिळता येईना ना थुंकता येईना. सगळ्यांसमोर गिळला.

संध्याकाळी बसथांब्यावर चष्मेवाला भेटला. त्याच्याकडून कळलं की आजोबा एकावन्न वर्षांचे आहेत. एकावन्न! माझ्या थोरल्या भावाच्या बरोबरीचे. दाढी लवकर पिकली एवढंच. "ही जुनी भाषा आता कोण वापरतं? या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार?" तो म्हणाला. या वेळी मी "काय म्हणालात?" असं विचारलं नाही, कारण सगळं कळलं होतं.

१५ डिसेंबर

मॅनेजरबाईंनी बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला कुणी सांगितलं होतं हे करायला?"

"आमच्याकडे असंच करतात," मी म्हटलं. किती खुळचट वाटलं ते तिथे.

"महिनाअखेरची जुळणी शिकून झाली का?"

"नाही."

"ती त्यांच्याशिवाय कुणालाच येत नाही. आता ते शिकवतील की नाही, ते तू बघ. जुळणी येत नसेल, तर तुला कायम करून मी काय करू?"

म्हणजे आता मी जायचं. ज्याच्या पानातला घास ओढला, त्यालाच म्हणायचं, तेवढं वाढता का जरा.

संध्याकाळभर ठरवत होते की राजीनामा द्यायचा. मग फोनवर ठमीने नवी बॅग दाखवली. तिने ती आत्तापासूनच भरून ठेवली आहे. रोज एक खेळणं काढते, दुसरं घालते.

राजीनामा लिहिला नाही.

१६ डिसेंबर

आजोबा कामावर आले. रोजच्या वेळेला, रोजचा कोट. मी त्यांच्याकडे न बघता संगणक चालू केला. खरं तर त्यांच्या भाषेत चार वाक्यं पाठ करून आले होते. माझं चुकलं, मला माहीत नव्हतं, तुम्ही मला शिकवू नका, मी परत जाईन. आरशासमोर म्हणून बघितली होती. एकही तोंडातून फुटेना. तेवढ्यात तेच खुर्ची सरकवत आले.

"मुलगी कधी येणार म्हणालीस?"

"कायम झाले तर... एप्रिलमध्ये."

"मग बस. जुळणी राहिलीये."

बसले. त्यांनी कागद ओढला आणि चौकोन काढायला लागले. काहीच झालं नसल्यासारखे. मला वाटतं त्यांना आतून दुसरीकडे कुठेतरी नोकरी मिळाली असावी, त्याशिवाय माणूस इतका शांत राहील का? असेलच मिळालेली. एवढ्या हुशार माणसाला कुणीही घेईल.

दुपारी अर्धं सफरचंद कीबोर्डशेजारी होतं. ते खाल्लं मी. लाज वाटली, पण खाल्लं.

२३ डिसेंबर

आता मी विचारते. मान डोलावत नाही. "हे कळलं नाही, पुन्हा सांगा," असं तोंडाने म्हणते, चार-चार वेळा. आणि ते सांगतात. ज्या माणसाला हाकलताहेत, फक्त त्याच्यासमोर मला अज्ञानाची लाज वाटत नाही. का ते कळत नाही.

चार वाक्यं अजून पाठ आहेत. उद्या म्हणेन.

२९ डिसेंबर

महिनाअखेरची जुळणी मी एकटीने केली. आजोबा मागे हात बांधून उभे होते. मुलांच्या हॉस्पिटलपाशी अडकले, तेव्हा ते नुसते खाकरले, आणि चूक माझी मला दिसली. शेवटी दोन्ही मापं जुळली. ते म्हणाले, "झालं. आता माझ्याकडे तुला द्यायला काही उरलं नाही."

मॅनेजरबाईंनी लांबून अंगठा दाखवला. मला की त्यांना, कळलं नाही.

३१ डिसेंबर

निम्मं ऑफिस सुट्टीवर. आजोबांचा शेवटचा दिवस; आता कळलंच आहे म्हणून जानेवारीपर्यंतही ठेवलं नाही. पत्र नाही, केक नाही, दोन शब्द नाहीत. माझ्या त्या प्रतापानंतर कुणाची हिंमत होणार? म्हणजे तेवढाही निरोप मीच घालवला.

ते टेबल आवरायला लागले. कप, टेबलावरचा दिवा, पाठीला घ्यायची उशी. खोकं अर्धंसुद्धा भरलं नाही. मी चार वाक्यं मनात म्हणून बघितली, उठले, आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. तिथे बसून राहिले. लिफ्टची घंटा वाजेपर्यंत बाहेर आले नाही.

चष्मेवाला म्हणाला, "बराच वेळ तुझ्या टेबलापाशी उभे होते. कोट घालून."

मला वाटतं काहीतरी विसरले असावेत.

१९ फेब्रुवारी

कायम झाले. घरी कळवलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, ठमी पलंगावर उड्या मारत होती, नवरा नुसता "वा, वा" म्हणत राहिला. मग त्याने विचारलं, "तू खूश आहेस ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय!" आणि नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवला.

ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझी जागा आता खिडकीपाशी. फळा पुसायला माणूस आला, तेव्हा मी त्याला थांबवलं नाही.

११ मार्च

आज बसमधून आजोबा दिसले. फुटपाथवर उभे होते, हातात कागदांची फाइल, इस्त्रीचा सदरा, दाढी सफाचट. दाढी नसताना खरंच एकावन्नचे वाटतात. त्यांनी बसकडे पाहिलं. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसले. पट्टा लागलेलाच होता.

नोकरी मिळालेली नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. उगाच लिहिलं होतं तसं.

२० एप्रिल

आले दोघं! नव्या घरात दोन खोल्या आहेत आणि खिडकीतून झाड दिसतं. ठमीने पडदा बाजूला करून सगळं बघितलं आणि म्हणाली, "तुझी आधीची खिडकी खोटी होती का गं?" नवरा हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. त्याला किती माहीत आहे कोण जाणे.

संध्याकाळी सामान लावत होतो. ठमीने तिच्या त्या बॅगेतून एक चित्र काढलं. एक बाई, एक दाढीवाले आजोबा, मध्ये सफरचंद.

"हे आजोबांना द्यायचंय. आपण कधी जायचं त्यांच्याकडे?"

"ते आता ऑफिसात नसतात," मी म्हटलं. "निवृत्त झाले."

"आपल्या आबांसारखे?"

"हो."

"मग हार घातला का? आबांना घातला होता."

"हार नाही. केक कापला."

"कुणी आणला?"

"मी."

ठमीला हे फार आवडलं. ती चित्रात केक काढायला बसली. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, "आणि पहिला तुकडा त्यांनी कुणाला दिला?"

नवरा पुस्तकं लावता लावता थांबला होता.

"मला," मी म्हटलं.

"म्हणजे तू त्यांची लाडकी होतीस," ठमी म्हणाली.

मी मान डोलावली.